नाळेवरचा डोळा

अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेले आहे, आणि त्या जहाजाच्या नाळेवर एक डोळा आहे. आपण प्रथम तेवढाच पाहू. तीन डोलकाठ्या, त्यांवरची उभट शिडे, पिछाडीच्या छपराखाली मांडलेले रांजण हे सगळे नंतर सावकाश पाहता येईल. पंधराशे वर्षे ते जागचे हललेले नाही. डोळा आधी पाहायचा, कारण अजिंठ्यातल्या इतर डोळ्यांहून तो निराळा आहे. शेजारच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची दृष्टी खाली झुकलेली, जगाचे दुःख पापण्यांवर तोलून धरणारी. भिंतीभिंतीवरच्या राजस्त्रियांचे डोळे लांबट, कोपऱ्यांकडे वळलेले, कुणाची तरी वाट पाहणारे किंवा कुणाला तरी टाळणारे. जहाजाच्या डोळ्याला यातले काही ठाऊक नाही. तो पुढे पाहतो. पुढे पाणी आहे, पाण्यापुढे पाणी आहे, आणि ज्या लाकडाला त्यातून वाट काढायची आहे त्याला दृष्टी हवीच, अशा साध्या, लेकराच्या श्रद्धेने कुणा नावाड्याने तो कधीतरी काढला असेल. चित्रकाराने तो त्याच गांभीर्याने भिंतीवर उतरवला. नाळ हा शब्दही किती सुंदर! नावेचा पुढला, लाटेला पहिल्यांदा भिडणारा भाग म्हणजे नाळ, आणि आईशी जोडणारी तीही नाळच.

मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. दरवर्षी सहलीबरोबर अजिंठ्याला जाणे व्हायचे. साठेक किलोमीटरचा रस्ता, पहाटे निघायचे आणि दिवेलागणीला परत. या जहाजासमोर मी किती वेळा उभी राहिले असेन याचा हिशेब नाही. पण मुलांची मोजणी, मागे रेंगाळणाऱ्यांना हाका, कुणाची हरवलेली चप्पल, यांत ते माझ्यासाठी 'जहाजाचे चित्र' एवढेच राहिले. एका वर्षी थोडी उसंत मिळाली तेव्हा वहीत पेन्सिलने त्याचे रेखाटन करून ठेवले होते, इतकेच. ते जहाज मी खऱ्या अर्थाने पाहिले ते माझा स्वतःचा उजवा डोळा काही काळ मालवल्यावर.

डोळ्याचा पडदा सरकला होता. आधी काळे ठिपके तरंगू लागले, मग कडेला वीज लवल्यासारखे व्हायचे, आणि एका सकाळी खालच्या कोपऱ्यातून सावली चढत आली. शस्त्रक्रिया करावी लागली. अशा शस्त्रक्रियेत डोळ्यातला चिकट द्रव काढतात, फाटलेल्या जागेभोवती लेझरने डाग देतात, आणि पडदा भिंतीला चिकटून राहावा म्हणून आत वायूचा बुडबुडा सोडतात. बुडबुड्याचा स्वभाव वर जाण्याचा. पडदा असतो डोळ्याच्या पाठीमागच्या भिंतीला. म्हणून माणसाने मान खाली घालायची, म्हणजे 'मागे' हेच 'वर' होते आणि बुडबुडा नेमक्या जागी दाब देत राहतो. किती साधी, किती देखणी युक्ती! पहिले सात दिवस जेवताना, झोपताना, बोलतानाही मी जमिनीकडे पाहत होते. सुश्रुतसंहितेत लिंगनाशावरच्या, म्हणजे मोतीबिंदूवरच्या, शलाकाकर्मानंतर रुग्णाला उताणे निजवून शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे, अंग हलवणे वर्ज्य सांगितले आहे. तिथे तोंड आकाशाकडे, इथे भुईकडे. पण डोळा बरा व्हायचा तर सगळ्या देहाने स्तब्ध व्हायचे, ही समज तेव्हाची आणि आत्ताची एकच.

या दिवसांत मी धुळ्याला होते, गल्ली नंबर पाचमधल्या ताईच्या घरी. ताई म्हणाली, "मान खाली घालून तुला करता येईल असं काहीतरी शोध, नाहीतर तू मला वेडं करशील." मान खाली घालून माणूस काय काय करतो ते मी आठवू लागले: तांदूळ निवडतो, गोधडी शिवतो, रांगोळी काढतो, सोनार नथ घडवतो. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्याने वाचायला-शिवायला परवानगी दिली, तेव्हा ती जुनी वही मागवून घेतली आणि अजिंठ्याचे जहाज करायचे ठरवले. बावीस इंच लांब, लाकडाचे.

ताईच्या घराची एक जुनी सागाची चौकट नुकतीच निघाली होती. ती घेऊन दाजी सुतारांकडे गेले, तिच्या दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायला. पट्ट्या पोचवायला आलेल्या सुतारदादांनी टेबलावरचे रेखाटन पाहून विचारले, "हाई काय शे, ताई?" मी म्हटले, जहाज. ते जरा थांबले. "आठे समिंदर कोठे शे?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण तोच प्रश्न भिंतीवरच्या जहाजालाही विचारता येतो. वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, सह्याद्रीच्या पाठीमागे, समुद्रापासून आठवड्यांच्या चालीवर असलेल्या या कड्यात जहाज आले कसे? इसवीच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळाच्या आसपास, ज्याने ते काढले त्या चित्रकाराने समुद्र पाहिला होता का? उत्तर चित्रातच आहे. ज्याने केवळ ऐकून जहाज काढले असते त्याने लाटा मोठ्या काढल्या असत्या. याने वल्ही कुठे अडकवतात ते काढले आहे. सुकाणूच्या जागी पिछाडीच्या बगलेला लोंबणारी लांब वल्ही, त्यांना धरून ठेवणारी बैठक, पुढे आणि मागे बाहेर झेपावणारे छोटे मंच: हे सारे माहीतगाराचे तपशील आहेत. आपल्याला असे वाटते की हा माणूस कधीतरी सोपाऱ्याच्या किंवा कल्याणच्या धक्क्यावर दुपारभर बसला असावा, आणि कुणी तरी त्याला 'बाजूला हो' म्हणेपर्यंत उठला नसावा.

सोपारा म्हणजे शूर्पारक. आज ज्या नालासोपाऱ्याहून लोकल भरून येतात तेच. आणि चित्रातली कथा तिथलीच आहे. पूर्ण हा शूर्पारकातल्या एका धनिक व्यापाऱ्याचा दासीपुत्र. सावत्र भावांनी वाट्याला काही दिले नाही, तरी तो आपल्या बुद्धीने मोठा सार्थवाह झाला, समुद्र ओलांडून पुनःपुन्हा सुखरूप परतला, आणि शेवटी सगळे सोडून बुद्धाचा भिक्षू झाला. पुढे त्याचा भाऊ गोशीर्ष चंदनाच्या वनात गेला. त्या वनाचा धनी असलेल्या यक्षाने वादळ उठवले. चंदनाने भरलेले जहाज बुडू लागले, तेव्हा भावाने दूरदेशी असलेल्या पूर्णाचे नाव घेतले. पूर्ण आला आणि जहाजावर ध्यानस्थ बसला, वादळ शमले. मग त्या चंदनाचा प्रासाद शूर्पारकात बुद्धासाठी बांधला गेला. दिव्यावदान या बौद्ध कथासंग्रहात ही कथा पुष्कळ लांबीने येते. चित्रकाराने त्यातला एक श्वास निवडला: जहाज अजून संकटात आहे, त्यावरच्या माणसाचे हात जोडलेले आहेत. धनाने भरलेल्या जहाजावर रिकामे असलेले हे दोनच हात, आणि तेच उपयोगी पडले!

आता रांजणांकडे वळू. पिछाडीच्या छपराखाली ते एकमेकांना खेटून ठेवलेले आहेत, गोल पोटाचे, आणि चित्राचा जो कोपरा घाईच्या नजरेला भरणीचा वाटतो त्यावर चित्रकाराने एवढी माया केली आहे की आपण थबकतो. वादळ दाखवायचे, देवत्व दाखवायचे, त्यात पाण्याचे रांजण कशाला? पण खानदेशच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो तेव्हा घरात सर्वांत जपून, सर्वांत सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून काय ठेवतात? रांजणच. अथांग पाण्यावरही पिण्याचे पाणी छपराखालीच ठेवावे लागते, हे त्या चित्रकाराने किती प्रेमाने लक्षात ठेवले! मी ते रांजण पांझरेकाठच्या कुंभाराकडून आणलेल्या मातीचे केले, चिंचोक्याएवढे, आणि चुलीच्या राखेत भाजले. पहिले दोन तडकले. तिसऱ्या खेपेला एक असा उतरला की त्याच्या पोटाची गोलाई बोटाने चाचपताना मला माझ्या आजीच्या माजघरातला गारवा आठवला, आणि तो मी अगदी कडेला, दिसेल असा बसवला.

एका डोळ्याने काम करणाऱ्याची खरी परीक्षा खोलीची असते. दोन डोळे दोन ठिकाणांहून पाहतात, त्यातल्या किंचित फरकातून मन अंतर ओळखते. एक डोळा मिटला की जग चित्रासारखे सपाट होते. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडते. सुईत दोरा ओवताना तो सुईच्या पुढून किंवा मागून निघून जातो, आणि आपल्याला वाटत राहते की तो नेढ्याला टेकलाच आहे. पहिल्या दिवशी पट्टीला पाडलेल्या भोकात सुई घालायला मला कितीतरी वेळ लागला. मग एक गोष्ट ध्यानात आली. खिडकीतून तिरपे ऊन टेबलावर येत होते आणि सुईची सावली लाकडावर पडत होती. सुई खाली जाई तशी सावली तिच्या जवळ येई. सुईचे टोक आणि सावलीचे टोक जिथे भेटत तिथे लाकूड होते. त्यानंतर मी सुईकडे पाहिलेच नाही, सावलीकडे पाहिले. सकाळी साडेआठ ते साडेदहा एवढेच ऊन माझ्या टेबलावर येई, म्हणून तेवढाच वेळ टाके पडत. मनात आले, भिंतीवरच्या जहाजाला तरी सपाट पृष्ठावर खोली कुणी दिली? काळ्या रेघेशेजारी हलकासा गडद हात फिरवणाऱ्याने. त्यालाही लेण्याच्या अंधारात उजेडाची वेळ सांभाळूनच काम करावे लागले असणार.

टाके म्हणण्याचे कारण असे, की हे जहाज शिवलेले आहे. फळ्यांचे जोड कसे बसवले ते चित्रकार सांगत नाही, पण आपल्या किनाऱ्यावर आणि समोरच्या अरबस्तानात त्या काळी जहाजे खिळ्यांनी ठोकत नसत, काथ्याच्या दोरीने शिवत. धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेला नर्मदा ओलांडली की धार फार दूर राहत नाही. तिथल्या भोजराजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत जहाजाच्या तळाला लोखंड वापरू नये असे सांगून कारण दिले आहे, की समुद्रातले लोहचुंबकाचे खडक ते ओढून घेतील. कारण काव्यमय आहे, शहाणपण मात्र खरे. शिवलेले जहाज लाटेबरोबर किंचित वाकते, किंचित सैलावते. खिळ्याने जखडलेली फळी जिथे तडकेल तिथे टाका ताण वाटून घेतो. रीत अशी: दोन फळ्या काठाला काठ भिडवायच्या, आतून सांध्यावर काथ्याची वळी आडवी ठेवायची, आणि दोन्ही फळ्यांच्या भोकांतून दोरी त्या वळीवरून फुलीसारखी घेत आवळायची. भोके राळेने बुजवायची.

ही फुली मी पहिल्यांदा घातली तेव्हा हात थांबला, कारण हाताला ती येत होती. आई गोधडी शिवायची तेव्हा जुन्या लुगड्यांचे थर सरकू नयेत म्हणून आधी असेच मोठे, तिरपे टाके टाकून घ्यायची. आपल्याकडे बायकांच्या हातात जे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या गोधडीपाशी थांबले, त्याच कौशल्याने तिकडे माणसे मस्कतला पोचत होती! आणि दोरा? काथ्या इतका बारीक वळत नाही. जळगावला त्याचे उत्तर दारातच असते. केळीचे सोपट सोलून, खरवडून त्यातले तंतू काढले की पांढरट, रेशमासारखी चमक असलेला धागा मिळतो. फुलवाल्या गजरे ओवायला तेच सोपट वापरतात. भाच्याने रावेरहून पिशवीभर आणून दिले. दोन तंतू मांडीवर वळून, मेणावरून ओढून मी त्याची दोरी केली. शेवटी मोजले तर अकराशे चाळीस टाके झाले होते. त्यातला एकही यंत्राचा नाही आणि दोन एकसारखे नाहीत. पिछाडीकडचे टाके बसके, घाबरलेले, आणि नाळेकडे येता येता उजळत गेलेले. जहाज हातात घेऊन मागून पुढे बोट फिरवले की माझे दोन महिने वाचता येतात.

चित्राची आणखी एक अडचण आहे, आणि मला ती अडचण कमी, मोहिनी अधिक वाटते: ते एकच बाजू दाखवते. दुसऱ्या कुशीला काय आहे, तळ गोल की धारदार, फासळ्या किती, यावर भिंत मौन पाळते. हेच मौन आपल्या काळात फार मोठ्या माणसांपुढेही उभे राहिले. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांनी जुलै 2023 मध्ये करार करून अजिंठ्याच्या याच जहाजाला प्रत्यक्षात आणायचे ठरवले; सप्टेंबरात कणा ठेवला गेला. नकाशा नाही, मोजमाप नाही, हाताशी फक्त एक भित्तिचित्र. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली फळ्या काथ्याने शिवल्या गेल्या. मद्रासच्या आयआयटीत त्याआधी छोट्या प्रतिकृतीची पाण्यात परीक्षा झाली, हे वाचून माझ्या टेबलावरच्या बावीस इंचांना केवढी प्रतिष्ठा आल्यासारखे वाटले! 21 मे 2025 रोजी कारवारला ते जहाज नौदलात दाखल झाले. हिंदी महासागर ओलांडून गेलेल्या दंतकथेतल्या नाविकाच्या नावाने त्याचे नाव ठेवले, कौंडिण्य. डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोचले, चौकोनी शिडांवर आणि बगलेच्या वल्ह्यांवर. ज्या चित्राला आपण 'कल्पनारम्य' म्हणून हसून पुढे गेलो असतो, ते वाऱ्यात उभे राहिले. चित्रकार खरे बोलत होता.

तो खरे बोलत होता हे टिकून राहिले यातही नकलकारांचा वाटा आहे, त्यांचे ऋण इथे मानायला हवे. रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या अंधारात बसून प्रती काढत होता. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. तो भुसावळला मातीत विसावला आहे, माझ्या घरापासून पाऊण तासावर. त्याच्यामागून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले, त्यांच्याही अनेक प्रती 1885 च्या आगीत जळाल्या, आणि तरी 1896-97 मध्ये त्यांचे दोन खंड निघाले. या जहाजाचे वर्णन करताना ग्रिफिथ्स नाळेवरच्या डोळ्यांची नोंद करायला विसरले नाहीत. त्या विद्यार्थ्यांतल्या कुणीतरी, मशालीच्या धुरात डोळे चोळत, तो डोळा प्रथम कागदावर काढला असेल. शिक्षिका म्हणून मला तो मुलगा फार जवळचा वाटतो.

शिडांवर मी सर्वांत जास्त रेंगाळले. मोठी तीन शिडे रुंदीपेक्षा उंच, जणू दारावर सोडलेले पडदे. आणि नाळेच्या पुढे झुकलेल्या काठीवर चौथे, लहान, चौकोनी, वाऱ्याने टच्च फुगलेले. सगळा वारा चित्रकाराने त्या एका लहान शिडात भरला आहे. मोठ्यांना मान दिला, गती मात्र धाकट्याला. गायनात बडा ख्याल ठाय लयीत उभा असतो आणि एखादी लहानशी तान येऊन सगळी मैफल पुढे ढकलते, तसे ते शीड आहे. माझी शिडे वडिलांच्या धोतराची. सुती, शेकडो वेळा धुतलेले, इतके मऊ की त्याला फुगलेला आकार धरता येईना. तेव्हा ताईने भाताची पेज काढून दिली, एका छोट्या वाटीवर ओले शीड ताणून वाळवले, आणि संध्याकाळी वाटी काढली तर वारा आत राहून गेला होता.

रंगाचा प्रश्न युक्तिकल्पतरूने सोडवला असता: चार डोलकाठ्यांचे जहाज पांढरे, तिनाचे तांबडे, दोनाचे पिवळे, एकीचे निळे. म्हणजे आपले तांबडे व्हायला हवे. गेरू कालवलाही होता. पण सागाच्या पट्ट्यांवर जवसाचे तेल चढल्यावर तो जो मधासारखा, उन्हात ठेवलेल्या गुळासारखा वर्ण उमटला, त्यावर काही फासायला मन होईना. भोजराजाची आज्ञा मी काठावर एक गेरूची रेघ ओढून पाळली.

आणि या सगळ्या काळात माझ्या उजव्या डोळ्यात स्वतःचे एक पाणी हलत होते. बुडबुडा विरघळू लागतो तेव्हा दृष्टी वरून उघडत येते. आरंभी सगळे धूसर; मग एके दिवशी वरच्या कडेला स्वच्छ जगाची एक चिंधी दिसते आणि तिच्याखाली काळसर, थरथरती, आडवी रेघ. मान कलली तर रेघ कलत नाही, पेल्यातल्या पाण्यासारखी ती आपली पातळी सांभाळते. चालताना तिच्यावर लाटा उठतात. रोज ती थोडी खाली उतरते. ज्या खानदेशात क्षितिजावर कापूस, केळी आणि सातपुड्याची निळी रेघ एवढेच दिसते, तिथे मला सहा आठवडे डोळ्यात एक समुद्रसपाटी मिळाली होती! मी जहाज डोळ्यापुढे धरायची आणि मान अशी सांभाळायची की नाळ त्या रेघेवर बरोबर टेकावी. मग एक पाऊल टाकायची, आणि धुळ्याच्या त्या मधल्या खोलीत, कपाट आणि शिलाईयंत्राच्या मधून, माझे जहाज लाटेवर चढायचे आणि उतरायचे. ताईने एकदा दारातून पाहिले. काही न विचारता ती आत गेली.

मग रेघेची चकती झाली, चकतीचा हरभरा, हरभऱ्याची मोहरी. एका सकाळी उठले तर ती मोहरीही नव्हती. थोडे अंधुक, थोडे वाकडे, पण दोन डोळ्यांनी दिसणारे जग समोर होते, आणि त्यात खोली होती: टेबलाची कड टेबलापासून सुटून पुढे आली होती, डोलकाठ्या एकीमागे एक उभ्या होत्या, दोरांच्या मधून पलीकडची भिंत दूर दिसत होती. आपले जहाज मी त्या दिवशी प्रथमच गोल पाहिले.

डोळा काढायचा तेवढा मी शिल्लक ठेवला होता. मूर्ती घडवणारेही नेत्रोन्मीलन शेवटी करतात. काजळीत डिंक खलून घेतला, दोन केसांचा कुंचला केला. चित्रातला डोळा एकाच कुशीचा. दुसऱ्या कुशीचा मला माझ्या मनाने काढायचा होता. डावा सरळ वहीतून उतरवला. उजवा काढताना सुईची सावली शोधण्याची सवय अजून गेलेली नव्हती. कुंचल्याच्या टोकाची सावली त्याच्याकडे येत गेली, टेकली, आणि बुबुळाचा ठिपका पडला. तो डाव्यापेक्षा किंचित मोठा झाला आहे. पुसला नाही.

महिनाअखेरीस जळगावला परतले. आपल्या जळगावच्या नळाला वाघूर धरणाचे पाणी येते, आणि वाघूर ही तीच नदी जी अजिंठ्याच्या लेण्यांखालून वळसा घेऊन खाली उतरते, पुढे तापीला मिळते आणि तापीबरोबर सुरतेपाशी समुद्राला. आईचे तांब्याचे घंगाळ अंगणात ठेवले, नळ सोडला, काठोकाठ भरू दिले. सहलीत एका विद्यार्थिनीने हातात ठेवलेले गुळगुळीत गोटे भार म्हणून तळाशी रचले, त्यांवर रांजण. जहाज पाण्यावर सोडले. ते डावीकडे कलले, एक गोटा हलवल्यावर सावरले, आणि गेरूची रेघ पाण्याच्या दोन बोटे वर राहिली.

संध्याकाळपर्यंत आत पाणी झिरपले होते. चमच्याने उपसले आणि तसेच ठेवले. शिवलेल्या नावेचे सुके लाकूड आधी पाणी पिते, मग फुगते आणि फळ्या एकमेकींना धरतात, असे वाचले होते. रात्री दोनदा उठून पाहिले, दोनदा उपसले. पहाटे तिसऱ्यांदा गेले तेव्हा टाक्यांभोवतीची राळ वर आली होती, सांधे मिटले होते, आणि रांजणांच्या तळाशी चमचाभरच पाणी होते. तेवढे काढले. दुपारपर्यंत पुन्हा आले नाही.